बिनकिड्याची उंबरं

१३ फेब्रुवारी २००६, सोमवार

ऑफिसच्या दैनंदिनीत आज लिहिलं: "यवतमाळ येथे मासिक बैठक. उंबर सरबताचा नमुना सादर केला. साहेबांनी मार्गदर्शन केले." मार्गदर्शन कसलं, ते या वहीत लिहिते. ही वही कोणी तपासत नाही.

साहेबांनी सरबताची बाटली बाजूला सारली आणि सोबत नेलेल्या उंबरांतलं एक उचलून सगळ्यांसमोर फोडलं. आतून पंधरा-वीस चिलटं निघाली आणि फायलींवर, चहाच्या कपावर, साहेबांच्या चष्म्यावर फिरायला लागली. जिल्ह्यातल्या सगळ्या सहयोगिनी, म्हणजे माझ्यासारख्या बचत गट सांभाळणाऱ्या बाया, हसल्या. नेरची प्रभावती तर डोळे पुसत हसत होती. तिचे बचत गट पापड करतात, पापडातून काय निघणार? साहेब म्हणाले, "मॅडम, शाकाहारी लोकांनी काय करायचं, तेही बाटलीवर छापा."

उंबरात किडे असतात हे मला ठाऊक नाही असं नाही. पण फोडायला कोणी सांगितलं होतं?

कापसाचे भाव पडून शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्यापासून वरून एकच आदेश आहे, प्रत्येक बचत गटानं पूरक धंदा काढावा. फुलसावंगीच्या पुढच्या तांड्यावर माझ्या गटात चौदा बाया आहेत. त्यांच्या घरात गेल्या हंगामाचा कापूस अजून आढ्यापर्यंत पडून आहे, पाहुण्याला बसायला जागा नाही. शेळ्या दिल्या, त्या रोगानं गेल्या. शिवणयंत्र दिलं, त्याची सुई जिल्ह्यात मिळत नाही. शेवटी मीच म्हटलं, नाल्यावरचं उंबर वर्षातून तीन-चारदा खोडापासून लदबदतं, त्याचं सरबत करू. २४ मार्चपासून यवतमाळला प्रदर्शन आहे, साठ बाटल्या न्यायच्या. माझी अकरा महिन्यांची नेमणूक ३१ मार्चला संपते. प्रदर्शनात नाव झालं तर नेमणूक पुढे चालेल आणि गटाला कायमचा स्टॉल मिळेल. नाही झालं तर मी घरी आणि बाया पुन्हा निंदणाला.

१७ फेब्रुवारी

तांड्यावर बैठक, उंबराखालीच. वर मैना आणि हरोळ्यांचा इतका गोंगाट की अध्यक्ष बिजलीबाई काय बोलतात ते ऐकू येत नाही. ठरावाच्या रजिस्टरवर पाखरांनी दोनदा घाण केली. एकदा तर नेमकी माझ्या सहीवर.

किड्यांचा विषय काढला तर मानीबाई हसायला लागल्या. त्या गटात सगळ्यांत म्हाताऱ्या, कोपरापर्यंत बलोयी, म्हणजे पांढऱ्या बांगड्या, तोंडात एक दात.

"किडे काहून काढता, बाई? किडा आत गेल्याबिगर उंबर पिकतच नाई."

"मंग लोकायनं किडे प्यायचे का?"

"प्यायचे कायले? फोडा, सुपात घाला, उनात ठेवा. दुपारपावतर आपसूक उडून जातेत. थे त्यायचं घर हाय."

करून पाहिलं. एकेक उंबर फोडायचं, एकेक उन्हात उघडं ठेवायचं, मध्येच फुंकायचं. चौदा बायांनी दोन तासांत दीड सूप भरलं, त्यातलं अर्धं पोरांनी खाल्लं. या चालीनं साठ बाटल्या दिवाळीपर्यंत होतील. मी तसं बोलले तर मानीबाई म्हणाल्या, "मंग दिवाळीले नेजा." बाईंना नेमणूक, मार्चअखेर, प्रदर्शन या गोष्टी कशा समजावून सांगाव्या?

२१ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच. सरबताच्या भांड्यात चार किडे तरंगत होते. माझा ताबा सुटला. गटाची सचिव रंजिता, म्हणजे मानीबाईंची सून, सातवी शिकलेली, जरा समजदार आहे. तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "पुढच्या बहाराले फळात एकही किडा दिसता कामा नये. कसं करता ते तुमी पाहा. मले सांगू नका, करून दाखवा."

ती म्हणाली, घरी विचारते. घरी म्हणजे नवऱ्याला, खेमसिंगला. निदान कोणीतरी मनावर घेतलं.

मानीबाई उद्यापासून पुसदला लेकीकडे चालल्या आहेत. बरंच झालं, कामात सारखा मोडता घालतात.

३ मार्च

गेल्या दोन महिन्यांतला पहिला चांगला दिवस. रंजितानं टोपलीभर पिकलेली उंबरं पुढे ठेवली. मी एकामागून एक दहा फोडली. एकातूनही चिलट उडालं नाही. आतले दाणे काळपट, पण हालचाल काही नाही.

"कसं केलं वं?"

"यायनं बंदोबस्त केला, मॅडम."

मी म्हटलं होतं ना, की मनावर घेतलं तर होतं. खेमसिंगला शाबासकी द्यावी म्हणून घरी गेले, तर तो डोक्याला फडकं बांधून कापसाच्या ढिगाला टेकून पडला होता, डोळे लाल. रंजिता म्हणाली, ऊन लागलं. घरात औषधाचा उग्र वास होता, पण कपाशीवाल्यांच्या कोणत्या घरात तो नसतो?

झाडाखालीही आज शांतता होती. बैठक वेळेत आटोपली, रजिस्टर स्वच्छ राहिलं. पाखरंसुद्धा कधीतरी माणसाची अडचण समजून घेतात म्हणायचं.

नवऱ्यासाठी, रवीसाठी, अर्धा किलो उंबरं बांधून आणली.

४ मार्च

नवऱ्याला एक गोष्ट सांगितली तर ऐकेल तर शपथ. काल दुकान बंद करून येताना (आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे) बसस्टॅंडवर मिरचीभजी खाल्ली. घरी आल्यावर माझी उंबरं धुवायलासुद्धा थांबला नाही, दहा-बारा उभ्यानं संपवली, म्हणाला, "साधना, तू तर कमाल केली, किडाच नाही." रात्रभर उलट्या, घाम, तोंडाला पाणी सुटलेलं. सकाळी म्हणे समोरचं अंधूक दिसतं. डॉक्टरनं सलाईन लावलं, म्हणाले, बाहेरचं तळलेलं खाऊ नका. मी तरी दुसरं काय सांगत असते?

वैष्णवीनं एकही उंबर तोंडाला लावलं नाही. आठ वर्षांची पोर, पण एकदा किडे पाहिले ते पाहिले, आता सोन्याचं उंबर दिलं तरी खाणार नाही. बापाचा हट्टीपणा तसाच्या तसा उचललाय.

१२ मार्च

चार दिवस तांड्यावरच काम. चुली, पातेली, साखर, बाटल्या उकळणं. पाण्याची टंचाई, त्यामुळे फळं एका टाकीत एकदाच बुचकळून घेतली. रवी आता बरा आहे, पण हात थरथरतो म्हणून वायर ओढायला बसत नाही. दोन भज्यांचं एवढं कौतुक.

मानीबाई पुसदहून परतल्या. आल्या आल्या झाडाकडे पाहत उभ्या राहिल्या.

"पाखरं कुटी गेले?"

मी म्हटलं, ऊन वाढलं, गेली असतील पाण्याकडे. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यातच तर येतात. मग चुलीपाशी जाऊन सुनेच्या कानात काहीतरी विचारलं. रंजिता मान खाली घालून ढवळत राहिली. सासू-सुनेचं काहीतरी बिनसलं असावं. मला त्यात पडायचं नाही.

शेवटचा घाणा मानीबाईंनी गाळला. पाहते तर त्यांच्या ओढणीच्या फडक्याला बोट जाईल एवढं भोक. मी चिडलेच. "मानीबाई, सरकारी प्रदर्शन आहे थे. एक किडा गेला खाली तं माह्या नोकरीचं काय?" त्यांनी फडकं झटकलं आणि दुसरीकडून धरलं. पुन्हा गाळायला सांगितलं तर म्हणाल्या, हात भरून आले. त्या घाण्याच्या दोनच बाटल्या झाल्या. ठेवल्या त्याही. साठ म्हणजे साठ.

२३ मार्च

बाटल्या जीपनं यवतमाळला गेल्या, सोबत बिजलीबाई आणि रंजिता. लेबलं सुंदर दिसतात. खाली बारीक अक्षरात मीच छापून घेतलं, "संपूर्ण शाकाहारी". साहेबांनी वाचावं.

गटाचा फलक मात्र तांड्यावरच राहिला. चौदा बायांपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. उद्या सकाळी मीच तो घेऊन मागून जाणार. सगळं मीच करायचं.

२४ मार्च, शुक्रवार

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी आठला तांड्यावर पोचले. उंबराखाली हिरव्या कच्च्या फळांचा सडा पडला होता, हरभऱ्याएवढी, सुकलेली. खेमसिंग पाठीवर पंप घेऊन झाडाच्या बेचक्यात उभा होता आणि खोडावर फवारत होता.

मी विचारलं, हे काय.

"दुसरा फवारा, मॅडम. पयला फेब्रुवारीच्या अखेरीले मारलता. त्याचा असर वीस-पंचवीस दिवस रायते. प्रदर्शनानंतर मोठी आर्डर येईन म्हणते रंजिता, म्हून आताच मारून राह्यलो."

"कायचं औषध?"

"कपाशीचं. उरलतं घरी."

"खेमसिंगभाऊ, लोकं खातात ना थे फळं."

"तुमी धुतले असन ना. अन् तुमीच तं म्हणलं, एकबी किडा दिसू नये. कपाशीले तं आमी सात-सात फवारे मारतो, तवा कुठं अळी मरते. इथं एकातच काम झालं."

तो अभिमानानं सांगत होता. कसं करता ते मला सांगू नका, हे शब्द माझे होते. फळात किडा नाही, झाडावर पाखरू नाही, घरात वास, तो डोकं बांधून पडलेला, रवी सलाईनवर. सगळं या वहीत माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. मी तीन आठवडे भज्यांना शिव्या घालत होते.

फुलसावंगीत येऊन बूथवरून ऑफिसला फोन केला. बाबू म्हणाला, साहेब उद्घाटनात आहेत, निरोप काय? मी म्हटलं, आमच्या बाटल्या विकू देऊ नका. तो म्हणाला, लेखी द्यावं लागेल. दुसऱ्यांदा लावला तर उचलला नाही. बसनं महागाव, तिथून यवतमाळची बस पंक्चर, दारव्ह्याला पाऊण तास. त्या पाऊण तासाबद्दल मला लिहिता येणार नाही. गाडीत माझ्या शेजारी एक बाई दोन लेकरांना बाटलीनं पाणी पाजत होती, मी तिकडे पाहू शकले नाही.

अडीचला पोचले. अकरा बाटल्या विकल्या गेल्या होत्या. रंजिता खुशीत होती, मला पाहून तिचा चेहरा उतरला. तिला सगळं ठाऊक होतं. फक्त त्यात वाईट काय, ते ठाऊक नव्हतं.

मी मंचावर गेले आणि माइक मागितला. सत्कार चालू होता. साहेबांनी हातानं थांबा म्हणून खूण केली. मी थांबले नाही. "उंबर सरबताची बाटली ज्यांनी घेतली त्यांनी पिऊ नये. त्यात फवारणीचं औषध आहे. चूक माझी आहे. पंचेचाळीस नंबरच्या स्टॉलवर परत आणून द्या." तीनदा म्हटलं. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "तुम्हाला अक्कल आहे का? खाली बसा." मी चौथ्यांदा म्हटलं.

सहापर्यंत दहा बाटल्या परत आल्या. एक आली नाही. बिजलीबाईंना एवढंच आठवतं की हिरवी साडी, हातात पिशव्या, नेरच्या गाडीची घाई आणि "लेकरायले होते" म्हणून घेतली.

२६ मार्च

नेरला गेले. स्टॅंड, कापूस बाजार, दवाखाना. हिरव्या साडीची बाई शोधतेय म्हटल्यावर लोक माझ्याकडे पाहतात. प्रभावतीच्या घरी गेले. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं पाणी दिलं, चप्पल घातली आणि तिच्या गटांच्या बायांकडे दारोदार फिरली. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघी फिरलो. कोणी नाही.

सरकारी दवाखान्यात विचारलं, विषबाधेची लेकरं आली का. कंपाउंडर म्हणाला, तुम्ही पेपरवाल्या का? आता आमच्याकडे जो तो येऊन हेच विचारतो.

३१ मार्च

नेमणूक संपली. आश्चर्य नाही. एकोणसाठ बाटल्या रवी आणि खेमसिंगनं गावाबाहेर खड्डा खणून पुरल्या. घरी येऊन रवीनं तीनदा साबणानं हात धुतले.

९ एप्रिल

तांड्यावर गेले, आता कामाशिवाय. मानीबाई उंबराखाली बसल्या होत्या. फवाऱ्याची गोष्ट त्यांनी पुसदहून येताच सुनेच्या तोंडून काढून घेतली होती.

मी विचारलं, मग तुम्ही मला का नाही सांगितलं?

"तुमी इचारलं कुठं, बाई? मले वाटलं तुमीच लावलं त्याले. शिकेल बाई हाय, म्हून गप रायली." मग पडलेलं एक सुकं उंबर चिमटीत फिरवत, "तरी गाळताना हात चालेना माहा."

घरी येऊन वडिलांची आठवण आली. ते सांगायचे की उंबर हे आपल्या बुद्धाच्या आधी झालेल्या एका बुद्धाचं झाड, त्याखाली उभं राहून खोटं बोलू नये. मी म्हणायचे, बाबा, तुम्हीसुद्धा असल्या गोष्टी मानता? आज ते नाहीत ते बरंच आहे. मला त्यांना सांगता आलं नसतं.

२ मे

रोज यवतमाळचा पेपर आतल्या पानापर्यंत वाचते. नेरचं काही नाही. नाही म्हणजे नाही, की छापलं नाही, हे कसं कळणार? रवी म्हणतो, सोड आता. सोडून कुठे ठेवू?

१८ मे

प्रभावतीचा फोन: अजून काही नाही. दर आठवड्याला करते बिचारी. मी तिच्या पापडांना काय काय म्हणत होते.

उंबराला नवी फळं धरली आहेत म्हणे. खेमसिंगनं पंप मुलाच्या आजोळी देऊन टाकला. मी सांगितलं नव्हतं.

८ जुलै, शनिवार

दुपारी प्रभावती स्वतः आली, नेरहून तीन गाड्या बदलून. पदरात धरून एक पाकीट. म्हणाली, "आधी बस तू." मी उंबरठ्यावरच बसले.

तक्रार अर्ज. तारीख २७ मार्च. साडेतीन महिने तो यवतमाळच्या ऑफिसात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता, वर सात शिक्के, आणि अर्जदार बाई नेरची म्हणून काल चौकशीसाठी प्रभावतीकडे आला. साडेतीन महिने. मी इथे पेपर चाळत होते आणि तो तिथे फायलीत पडून होता. अर्ज असा: "मी प्रदर्शनातून उंबर सरबत घेतले. घरी मुलांसाठी गलासात ओतले असता त्यात किडा निघाला. बाटलीवर संपूर्ण शाकाहारी असे छापलेले आहे. मुलांनी पिण्यास नकार दिला व मी सर्व सरबत मोरीत ओतले. तरी संबंधितांवर कारवाई व्हावी. पुरावा म्हणून किडा सोबत जोडला आहे."

खाली चिकटपट्टीखाली तो होता. पंखासकट.

मी हसायला लागले ते थांबेना, मग रडायला लागले. वैष्णवी घाबरून प्रभावतीच्या मागे लपली. रवीनं अर्ज हातात घेऊन दोनदा वाचला आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

९ जुलै

अर्ज घेऊन तांड्यावर गेले. मानीबाईंना वाचून दाखवला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि चिकटपट्टीवर बोट ठेवलं.

"फवाऱ्यानं आतच मेलता. माह्या फडक्यातून गेला हा."

मी म्हटलं, हो. मी तुम्हाला त्या भोकासाठी बोलले होते.

"बोलल्या खऱ्या," त्या म्हणाल्या आणि उठून झाडापाशी गेल्या. खोडावर लाल उंबरं दाटीनं लागली होती. फांदीवर दोन मैना भांडत होत्या, एकीनं माझ्या पदरावर घाण केली. मानीबाईंनी एक उंबर तोडून फोडलं. आतून चिलटं निघाली, भरपूर, त्यांच्या बोटांवर, बांगड्यांवर, अर्जावरच्या शिक्क्यांवर. त्यांनी ते उन्हात धरलं. आम्ही दोघी थांबलो. घाई नव्हती, मला आता कुठे जायचं नव्हतं. शेवटची दोन-तीन निघेनात, तेव्हा त्यांनी फुंकर घातली आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

अजून एक आत होतं. मी ते उडून जाईपर्यंत वाट पाहिली, मग खाल्लं.